थाप मारली की चालणारा टीव्ही: एका कच्च्या जोडाचा इतिहास

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर खिडकीची सीट पकडा. आजचा एपिसोड जरा लांब आहे. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी प्रत. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' थोडे कापलेत.

सुरुवात आमच्या शेतापासून. गाव साक्री तालुक्यात, कान नदीच्या पट्ट्यात. मार्च महिना, उन्हाळ कांदा पोसायला लागलेला. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय. घरून मिस कॉल दिला की मोटार चालू. तो स्टार्टर अचानक लहरी झाला. कधी चालू व्हायचा, कधी नाही. कधी चालू होऊन दहा मिनिटांत गप्प. मग पप्पा रात्री एक वाजता बॅटरी घेऊन शेतात. आमच्याकडे बिबट्या फिरतो, हे काही सांगायची गोष्ट नाही. आई पूर्ण रात्र जागी.

मी होळीला पुण्याहून घरी गेलो होतो. बीटेक झालोय, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पप्पा म्हणाले, "तू बघ की जरा." मी बघितलं. सिमचा रिचार्ज बघितला, रेंज बघितली, रिसेट केलं, पासवर्ड बदलला. तीन तास गेले. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "बोर्ड बदलावा लागेल, वॉरंटी संपलीय." किंमत ऐकून पप्पा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे काहीच न बोलणं म्हणजे नाही.

शेवटी साक्रीत आप्पांच्या दुकानात गेलो. आप्पा रेडिओच्या काळापासून रिपेअरिंग करतात. त्यांनी बोर्डला वीज दिली आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने एका काळ्या चौकोनी रिलेवर हळूच टकटक केलं. टिक. चालू. परत टकटक. बंद. मग बोर्ड उलटा केला, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू इंजिनियर शे ना रे भो? देख."

रिलेच्या एका पायाभोवती केसासारखी बारीक गोल रेघ होती. बांगडीसारखी. आप्पा म्हणाले, "ड्राय सोल्डर." जुना डाख काढला, पाय घासला, नवा डाख लावला. पाच मिनिटं. पन्नास रुपये.

त्या पन्नास रुपयांनी माझी झोप उडवली. एवढ्याशा रेघेमुळे माझा बाप रात्री एकटा शेतात जात होता. ती रेघ येते कुठून? त्या प्रश्नामागे लागलो आणि सापडला तो एक मोठा इतिहास. आज तोच सांगतो.

कल्हईवाल्यापासून सुरुवात

आधी एक गैरसमज दूर करू. डाख म्हणजे गोंद नाही. आपल्याला वाटतं की धातू वितळवला, दोन वस्तूंच्या मध्ये ओतला, थंड झाला, चिकटला. तसं नाही होत. डाखातलं कथील आणि खालचं तांबं यांची एकमेकांशी प्रक्रिया होते आणि दोघांच्या सीमेवर कथील-तांब्याच्या संयुगाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. साधारण एक ते तीन मायक्रॉन. तो थर बनला तर जोड पक्का. नाही बनला तर डाख नुसता वर बसलेला असतो. दिसायला जोडलेला, पण आतून सुटा.

हे आपल्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं, वेगळ्या नावाने. बाजाराच्या दिवशी येणारा कल्हईवाला आठवतो? तुम्हाला नसेल आठवत, आजीला विचारा. तो भाता चालवायचा, तांब्या-पितळेचं भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसायचा. भांडं चांदीसारखं. त्यातला नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याचं काम काय, तर तांब्यावरचा ऑक्साइडचा, म्हणजे काळपटपणाचा थर काढून टाकणं. तो थर राहिला तर कथील पसरतच नाही, मण्यासारखं गोल होऊन घरंगळतं.

सर्किट बोर्डवर हेच काम फ्लक्स करतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवसागर चालत नाही, कारण तो मागे राहिला की तांबं खातो. म्हणून पाइनच्या झाडाची राळ वापरतात. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच असते. आप्पांच्या दुकानातला तो ओळखीचा वास सोल्डरचा नाही, राळेचा.

म्हणजे चांगल्या जोडाला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ धातू, पुरेशी उष्णता, आणि थंड होईपर्यंत न हलणं. या तिन्हीपैकी एक चुकली की कच्चा जोड. पुढचा सगळा इतिहास या तीन गोष्टी लाखो वेळा न चुकता कशा करायच्या, याचाच आहे.

मुंबई, १९५६: हाताने विणलेला कॉम्प्युटर

भारतात बनलेला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल कॉम्प्युटर मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाला. आधी १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र चालू झालं, मग पूर्ण यंत्र १९६० मध्ये. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मुलांची टीम होती. नाव पडलं 'टिफ्रॅक'.

आता आकडे ऐका. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. रेझिस्टरला दोन पाय, डायोडला दोन पाय. फक्त एवढेच मोजले तरी २८,४०० टोकं झाली. ट्यूबच्या सॉकेटचे पाय वेगळेच. समजा हजारात एकच जोड कच्चा राहिला, म्हणजे ९९.९ टक्के काम बरोबर. तरी यंत्रात अठ्ठावीस कच्चे जोड! आणि कच्चा जोड सरळ बंद पडत नाही. तो कधी चालतो, कधी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर असा बग, जो डेमोच्या वेळी येतो आणि डीबग करायला बसलं की गायब होतो.

त्या काळात जगभर असंच काम चालायचं. पार्ट सॉकेटवर, पट्ट्यांवर बसवायचे आणि एकेक टोक हाताने डाखायचं. पार्ट वाढले की जोड वाढणार, जोड वाढले की कच्चे जोड वाढणार. यातून बाहेर पडायचा रस्ता दुसरीकडे निघाला होता.

छापलेली तार

पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा इंजिनियर. १९३६ मध्ये लंडनला गेला. छपाईच्या धंद्याशी त्याचा आधी संबंध आलेला होता. त्याने विचार केला, तारा जोडत बसण्यापेक्षा तारा छापून का टाकू नयेत? एका पाटीवर तांब्याचा पत्रा चिकटवायचा, हवी तेवढी नक्षी झाकायची, बाकीचं तांबं आम्लात खाऊन टाकायचं. उरली ती तार. त्याने असा रेडिओ बनवून दाखवला. सुरुवातीला कुणाला फारसा रस नव्हता. मग महायुद्ध आलं. तोफगोळ्याच्या टोकात बसणारं, विमानाजवळ गेल्यावर आपोआप फुटणारं छोटं रेडिओ यंत्र हवं होतं. तोफेतून सुटताना जो हिसका बसतो त्यात हाताने जोडलेल्या लोंबत्या तारा कुठे टिकणार? छापील सर्किटला तिथे खरी मागणी आली.

१९४९ मध्ये अमेरिकन लष्कराच्या सिग्नल विभागात डँको आणि अब्रामसन या दोघांनी पुढचा भाग सोडवला. बोर्डला भोकं पाडा, पार्टचे पाय भोकांतून खाली काढा आणि पूर्ण बोर्ड एकदम वितळलेल्या डाखात बुडवा. शेकडो जोड एका बुडकीत. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये वेव्ह सोल्डरिंग आलं. वितळलेल्या डाखाची एक उभी लाट, आणि तिच्या शेंड्याला पोट घासत जाणारा बोर्ड.

प्रश्न सुटला? अर्धा. माणसाचा हात चुकायचा, तो आता चुकत नव्हता. पण आता डिझाइन चुकलं तर हजार बोर्डांवर तीच चूक, त्याच जागी, एकसारखी.

सीप्झच्या मुली

आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर सरकारला इलेक्ट्रॉनिक्सची गरज जोरात जाणवली. १९६३ मध्ये होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९६६ मध्ये अहवाल आला. आणि १९७३ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. आज तिथे दागिन्यांचा धंदा मोठा आहे, पण नावातच इलेक्ट्रॉनिक्स आहे. ते सुरूच झालं इलेक्ट्रॉनिक्सची निर्यात करायला.

तिथल्या असेंब्लीच्या रांगांवर मोठ्या प्रमाणात तरुण मुली होत्या. कारण सांगितलं जायचं, 'बायकांची बोटं नाजूक असतात.' खरं कारण जगभरच्या अशा झोनमध्ये सारखंच होतं: पगार कमी देता येतो आणि काम चिकाटीचं आहे. भिंगाखाली मान वाकवून, दिवसभर, शेकडो जोड. या मुलींची नावं कुठल्याही मशीनवर नाहीत. पण 'भारतात इलेक्ट्रॉनिक्स कसं आलं' हा इतिहास आपण फक्त शास्त्रज्ञांच्या नावांनी सांगतो, तेव्हा तो अर्धाच सांगतो. डिझाइन करणाऱ्याचं नाव राहतं, जोडणारीचं नाही.

टीव्हीला थाप का लागायची?

आता सगळ्यांच्या घरातली गोष्ट. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, एशियाड झालं. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं. गल्लीत एक टीव्ही आणि त्याच्यापुढे पूर्ण गल्ली. आणि चित्र गेलं की घरातला कर्ता माणूस उठायचा आणि टीव्हीच्या डोक्यावर एक थाप. चित्र परत! आपण हसतो, पण त्या थापेमागे चांगलं इंजिनियरिंग आहे.

स्वस्त टीव्हीतला बोर्ड तपकिरी रंगाचा, दाबलेल्या कागदाचा आणि फिनॉलिक रेझिनचा. तांबं फक्त एका बाजूला. महाग बोर्डमध्ये भोकाच्या आतूनही तांब्याचा मुलामा असतो, म्हणजे डाख भोकात आरपार चढतो आणि पायाला सगळीकडून धरतो. एकतर्फी बोर्डमध्ये तसं नसतं. पाय धरला जातो तो खालच्या एका पातळ गोल चकतीवरच.

त्यात पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा तो जाड ट्रान्सफॉर्मर. मेकॅनिक लोक त्याला एलओटी म्हणतात. वजनदार, आणि चालू असताना चांगलाच तापणारा. टीव्ही लावला की गरम, बंद केला की थार. गरम झालं की सगळं फुगतं, पण तांबं, डाख आणि कागदाचा बोर्ड हे तिघं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. रोज थोडी ओढाताण. तार रोज वाकवली की जशी एक दिवस तुटते, तसा पायाभोवतीचा डाख थकतो आणि गोल चीर पडते. तीच ती बांगडी. थाप मारली की चिरेच्या दोन कडा पुन्हा टेकतात. चित्र येतं. उद्या परत जातं.

काही कंपन्यांनी जड पार्टच्या भोकात पितळी रिवेट बसवायला सुरुवात केली, म्हणजे डाखाला पकड मिळेल. रिवेटची किंमत काही पैसे. ज्यांनी ते पैसे वाचवले, त्यांच्या टीव्हीवर गावोगावच्या मेकॅनिक लोकांची घरं चालली. आप्पा हसून सांगतात, त्यांच्या दुकानाचं अर्धं शटर ड्राय सोल्डरने बांधलंय.

शिसं गेलं

साठ-सत्तर वर्षं या धंद्याचा राजा एकच होता: ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एका झटक्यात वितळतं आणि एका झटक्यात घट्ट होतं. मधली लिबलिबीत अवस्थाच नाही, त्यामुळे हात हलून जोड बिघडायची शक्यता कमी. बाजारात ६०/४० ची तार मिळते, तीही जवळपास तशीच.

पण शिसं विषारी. खासकरून लहान मुलांच्या मेंदूला. फेकलेले बोर्ड कचऱ्यात, तिथून माती आणि पाण्यात. युरोपीय संघाने नियम केला, १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालणार नाही, काही अपवाद सोडून. युरोपला माल विकायचा म्हणजे कारखाने बदलणार, कारखाने बदलले म्हणजे सगळं जग बदलणार. भारतातही ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांतून हीच मर्यादा मे २०१४ पासून लागू झाली.

शिशाऐवजी आलं कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. वितळतं साधारण २१७ ते २२० अंशांना. म्हणजे ३५ अंश जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बोर्ड, प्लास्टिकचे कनेक्टर, कपॅसिटर, सगळ्यांना तेवढी जास्त उष्णता सोसायला शिकावं लागलं.

आणि एक गंमत. जुना मेकॅनिक जोड डोळ्याने तपासायचा: चमकतो तो पक्का, मळकट दिसतो तो कच्चा. शिसेविरहित डाख चांगला लागला तरी थोडा मळकट, खरबरीतच दिसतो. एका रात्रीत हजारो लोकांचा आयुष्यभराचा डोळा चुकीचा ठरला. त्यांना कुणी नोटीस पाठवली नाही. आप्पा सांगतात, नव्या बोर्डांवर ते चांगले जोड कच्चे समजून परत परत डाखत होते, आणि जास्त तापवून तांब्याची चकतीच उचकटत होती.

शुद्ध कथलाची अजून एक खोड आहे. त्यातून कधी कधी आपोआप केसासारखे धातूचे तंतू उगवतात आणि शेजारच्या पायाला टेकून शॉर्ट करतात. शिसं हे रोखायचं. मे १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ हा उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर एकदम मुके झाले. त्याचा दोष अशाच कथलाच्या तंतूंना दिला गेला.

मोठ्या कंपन्याही वाचल्या नाहीत. एक्सबॉक्स ३६० आठवतो? लाल दिव्यांची ती रिंग. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. आधी सगळे म्हणत होते, चिप आणि बोर्डमधले जोड तुटतात. पुढे कंपनीने स्वतःच सांगितलं, जोड तुटत होते ते चिपच्या पोटातले. कारण तेच, गरम-थार, गरम-थार. आपल्या गल्लीतल्या टीव्हीचाच आजार, फक्त मायक्रॉनच्या आकारात.

परत स्टार्टरकडे

आता तुम्ही माझ्याबरोबर तो बोर्ड बघू शकता. पत्र्याचा डबा, उन्हात, आमच्याकडचं ऊन. आत रिले, दर वेळी टिक करून हिसका देणारा. आणि रिलेचा पाय ज्या तांब्याला जोडलाय ती तांब्याची पट्टी चांगली रुंद, कारण करंट जास्त. इथेच डिझाइनची चूक होती. रुंद तांबं उष्णता पळवून नेतं. कारखान्यात डाख लागताना पाय तापला, पण तांबं पुरेसं तापलंच नाही. तो पातळ थर नीट बनला नाही. जोड पहिल्या दिवसापासून अर्धा कच्चा होता.

यावर उपाय जुना आणि फुकट आहे. भोकाभोवतीची चकती रुंद तांब्याला पूर्ण न जोडता सायकलच्या आऱ्यांसारख्या तीन-चार पट्ट्यांनी जोडायची. याला थर्मल रिलीफ म्हणतात. करंट जातो, पण डाख लागताना उष्णता पळत नाही. करंट फारच जास्त असेल तर आरे पुरत नाहीत, मग बोर्ड आधी तापवून घ्यायचा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल रिलीफ म्हणजे एक टिक मार्क असतो. तो टिक कुणीतरी, कुठल्यातरी एसी ऑफिसात लावला नाही. माझ्यासारखाच कुणी असेल. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होता म्हणून. मी पण असे टिक विसरलोय. फक्त मला कधी दिसलं नाही, की त्याची किंमत रात्री एक वाजता कोण मोजतं.

आज साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. शेताशेतात सौर पंप येताहेत. प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये, प्रत्येक कंट्रोलरमध्ये बोर्ड आहेत, आणि प्रत्येक बोर्डवर शेकडो जोड. ऊन तेच, धूळ तीच, डब्यात शिरणारी पाल तीच. हे सगळं दहा वर्षांनी कोण दुरुस्त करणार? आप्पांची मुलं या धंद्यात नाहीत. बोर्डची ड्रॉइंग कंपन्या सहसा देत नाहीत. पूर्वी रेडिओसोबत सर्किटचा नकाशा यायचा. आज क्यूआर कोड येतो, आणि तो स्कॅन केला की 'बोर्ड बदला'.

जाता जाता, जे मित्र मोबाईल रिपेअरिंग करताय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. डाख वितळवताना जो धूर येतो तो राळेचा, शिशाचा नाही. इस्त्रीच्या त्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही. पण राळेच्या धुराने दमा लागू शकतो, म्हणून छोटा पंखा धूर तोंडापासून दूर नेईल असा लावा. आणि शिसं शरीरात जातं ते हाताने. तार धरलेल्या बोटांनी तंबाखू मळू नका, चहा-भाकरीच्या आधी साबणाने हात धुवा. घरी लहान लेकरू असेल तर आधी हात, मग लेकरू.

मी पुण्याला आल्यावर पंचवीस वॉटची इस्त्री आणि सोल्डरची तार घेतली. पहिले वीस जोड बघून आप्पांना फोटो पाठवला. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, चार शब्दांचा: "बठ्ठा कच्चा शेतस, भो." म्हणजे सगळे कच्चे आहेत. परत करतोय.

मोटार मात्र चालू आहे. कांदा निघाला. पप्पा रात्री घरी झोपतात.

तुमच्या घरात थाप मारल्यावर चालणारं काही असेल, तर थाप मारण्याआधी जवळच्या आप्पांकडे घेऊन जा. त्यांना विचारा, भिंगातून बघू द्या म्हणावं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम.